आमच्या घटकमॅडम

लिपस्टिक चाखून बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती माझी घरमालकीण होती, आणि त्याआधी बारावीला माझी रसायनशास्त्राची शिक्षिका.

ओठांवरची लिपस्टिक पोटात जाणं वेगळं, ते तर सगळ्याच बायकांचं होतं. मॅडम नखाच्या टोकावर एवढीशी लिपस्टिक घ्यायच्या, जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि माझ्या गिऱ्हाइकासमोर निकाल द्यायच्या, "मेण. एरंडेल. आणि काहीतरी लपवलेलं." मग गळ्यातल्या दोरीला बांधलेलं भिंग उचलून डबीच्या तळचा बारीक मजकूर वाचायला लागायच्या. आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मिथाइल अमुक, प्रोपाइल तमुक. माझ्या खुर्चीत डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडलेल्या बाईला वाटायचं, आपल्याच पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट वाचला जातोय.

माझं पार्लर त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं, शहाद्यात, लोणखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. लोणखेड्याच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं शिकवलं, निवृत्त झाल्या आणि घरी बसून करायचं काय म्हणून जगाकडे बघायला लागल्या. त्यांच्या विषयात मी बारावीला नापास झाले होते. पुढे पार्लरचा कोर्स केला आणि जागा शोधत फिरता फिरता त्यांच्याच दारात उभी राहिले, तर म्हणाल्या, "रसायनशास्त्रात नापास झालीस आणि धंदा रसायनांचाच काढतेस? ये. निदान डोळ्यांसमोर राहशील."

मला वाटलं, गंमत करतायत. मॅडमना गंमत करता येत नव्हती, हे मला पुढच्या अकरा वर्षांत कळलं.

त्या जाऊन आता दोन वर्षं झाली. अजूनही दुपारचे चार वाजले की माझे कान दाराकडे लागतात. चारला मॅडमचा चहा व्हायचा आणि त्या माझ्या पार्लरमधल्या बाकावर येऊन बसायच्या. गिऱ्हाइकं पण हुशार झाली होती. दाराबाहेरूनच विचारायची, "ताई, घटकमॅडम बठेल शेतस का?" बसलेल्या असल्या तर चपला न काढताच परत. पाकिटावर 'घटक' म्हणून जी यादी असते, तिच्यावरून गावानं त्यांना हे नाव दिलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ते पदवीसारखं वाटायचं.

त्या स्वतः बाजारचं काहीच वापरत नसत. केसांना मेंदी आणि निळीचा पाला लावायच्या. त्यानं केस काळे व्हायला हवे होते, ते शेवाळी झाले. "पण घटक शुद्ध आहेत," म्हणायच्या. बेसन आणि हळदीनं तोंड धुवायच्या, त्यामुळे कानामागे बेसनाची एक वाळलेली गोळी कायम असायची. उन्हाळ्यात अंगाला कडुलिंबाचा वास. वर तत्त्व असं, की जे जिभेला चालत नाही, ते गालाला लावायचं नाही. हे वाक्य त्यांनी माझ्या आरशाच्या वर खडूनं लिहून ठेवलं होतं. मी पुसायचे, त्या परत लिहायच्या.

पाकिटावर 'सुगंध' हा शब्द दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. "सुगंध म्हणजे काय? कशाचा? किती पदार्थांचा? हे म्हणजे पत्राच्या पत्त्यात नुसतं 'भारत' लिहिल्यासारखं झालं." रागावल्या नसल्या की त्या असं क्रमिक पुस्तकातलं मराठी बोलायच्या. राग आला की सरळ अहिराणी. एकदा कॉलेजातल्या एका मुलीच्या हातातली पावडर हिसकून घेतली आणि म्हणाल्या, "जेनं नाव तुले वाचता येत नही, ते तोंडले कशाले चोपडस वं?" मुलगी म्हणाली, "मॅडम, माले तर तुमनं पुस्तक बी वाचता येत नव्हतं." मी आत जाऊन टॉवेलात तोंड घालून हसले.

हसायचे, पण जळायचेही. केसांना रंग लावायला बाई आली की मॅडमचा हुकूम असा, की आधी कानामागे ठिपका लाव आणि दोन दिवस थांब. आग झाली नाही, पुरळ उठलं नाही, तरच रंग. आता सांगा, संध्याकाळी ज्या बाईला हळदीला जायचंय, तिला दोन दिवसांनी ये म्हणून कसं सांगायचं? ती समोरच्या पार्लरमध्ये जायची. समोरची पार्लरवाली दिवाळीत मॅडमना आवर्जून फराळाचं ताट पाठवायची, त्याचं कारण हेच असावं असा माझा दाट संशय आहे.

मग एक दिवस मॅडमनी जाहीर केलं, की नुसती टीका पुरे झाली, आता आपण पर्याय द्यायचा.

आमच्याकडे पपई म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पपईच. मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा म्हसावदच्या रस्त्याला मळा होता. मॅडम स्कूटरवर पुढे, मी मागे कळशी धरून, अशा आम्ही कच्च्या पपईचा चीक आणायला गेलो. तोडणीवर सातपुड्यातल्या पाड्यावरच्या बायका होत्या. त्यातल्या एकीनं दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. मॅडम चीक कशासाठी नेतायत हे ऐकून तिनं एक पिशवी सोडली आणि तळहात दाखवला. बोटांची सालटं निघाली होती.

"बाय, हे तोंडाला नको," ती म्हणाली. "हाताची चामडी जाते, तोंडाचं काय ऱ्हाईल?"

मॅडम तिला म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर उन्हात असता ना, म्हणून तसं होतं." आणि मला म्हणाल्या, "पपई माणूस खातो. यापेक्षा निर्धोक काय असणार?"

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई! पपईच्या चिकानं मटण शिजतं, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला माहीत होतं. पण मॅडम शाकाहारी होत्या.

घरी आल्यावर चिकात कोरफड आणि बेसन कालवलं. चाखून पाहिलं. जीभ चरचरली, तेव्हा म्हणाल्या, "ताजं आहे." बाटल्यांवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, "घटक: कच्च्या पपईचा चीक, कोरफड, बेसन. परके घटक: शून्य." मी म्हटलं, "मॅडम, कानामागे ठिपका?" त्या म्हणाल्या, "तो रसायनांसाठी. हे नैसर्गिक आहे."

एक लेप त्यांनी स्वतः लावला आणि तीन माझ्या गिऱ्हाइकांना. त्यात कापड बाजारातल्या एका मारवाडी घरच्या सेठाणी होत्या. पाच मिनिटांनी सेठाणी म्हणाल्या, "मॅडमजी, जळतंय."

"काम करतंय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडमजी, बहोत जल रहा है!"

"म्हणजे चांगलंच काम करतंय."

दहाव्या मिनिटाला सेठाणी उठून नळाखाली. त्यांच्यामागे बाकीच्या दोघी. मॅडम मात्र पूर्ण वीस मिनिटं बसल्या, प्रयोग अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर उकडलेलं बीट. डोळ्यांच्या जागी दोन फटी. डॉक्टरांनी मलम दिलं. मॅडमनी सवयीनं भिंग उचललं आणि त्या ट्यूबवरची हातभर यादी वाचली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनात वाचली.

आता ही बाई आठवडाभर खोलीत तोंड लपवून बसेल, असं मला वाटलं होतं. चारला बाहेर आल्या. सालटं निघालेलं तोंड घेऊन बाकावर बसल्या. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "मॅडम, हाई काय व्हयनं?" त्या प्रत्येकीला सांगायच्या, "मी केलेल्या लेपामुळे झालं. नैसर्गिक होता. मला एका बाईनं आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." आठ दिवस हेच. तिन्ही बायकांच्या घरी जाऊन माफी मागितली. म्हसावदच्या मळ्यातही गेल्या, पण तोडणी संपली होती, ती टोळी दुसरीकडे निघून गेली होती. त्याचं त्यांना फार लागलं. मला नाही लागलं. मला हसू येत होतं.

गावानं त्यांचं घटकमॅडम काढून पपईमॅडम केलं. मी पण जोर धरला. त्यांचं तोंड सोललं आणि माझं सुटलं, असं म्हणायला हरकत नाही. आरशावरचं वाक्य पुसलं आणि या वेळी त्यांनी ते परत लिहिलं नाही. कानामागचा ठिपकाही बंद. आणि नवापूरच्या बाजूनं एक एजंट यायला लागला होता, त्याच्याकडून मी पांढरी डबी घ्यायला सुरुवात केली.

डबीवर चंद्रासारख्या तोंडाच्या बाईचं चित्र होतं. बाकी काही नाही. माल सुरतेहून येतो, एवढंच तो सांगायचा. पण जादू अशी, की पंधरा दिवसांत रंग उजळायचा. खरंच उजळायचा. माझ्याकडे धडगावपासून बायका यायला लागल्या.

मॅडमनी एकदा ती डबी हातात घेतली. तळ पाहिला, बाजू पाहिली, झाकण आतून पाहिलं.

"यावर काहीच लिहिलेलं नाही," म्हणाल्या.

"मग वाचायची कटकटच नाही, मॅडम," मी म्हटलं. पार्लर भरलेलं होतं. बायका हसल्या. मला आणखी जोर आला. "तुमच्या लेपावर सगळं लिहिलेलं होतं. काय उपयोग झाला?"

मॅडमनी डबी जागेवर ठेवली आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजले, बाक रिकामाच. मी समाधानानं पाय पसरून बसले.

म्हसावदची एक आई आपल्या मुलीला घेऊन आली, ती याच दिवसांत. मुलगी खाजगी शाळेत शिकवायची, हसरी, डोळ्यांनी बोलणारी. आई म्हणाली, "ताई, मन्ही आंडेरनं लगीन ठरनं शे. पोर गुनी शे, पन रंग दख ना. पोऱ्यावाला म्हनतस, फोटोमा उठाव दिसत नही." मी डबी दिली. मुलीनं सकाळ-संध्याकाळ लावली, हातांना लावली, मानेला लावली. डबीमागून डबी नेली. दोन महिन्यांत अशी उजळली, की आई माझ्यासाठी पेढे घेऊन आली.

त्यानंतर आली ती पेढे न घेता. मुलीचे पाय सुजले होते. सकाळी उठली की डोळे उघडत नव्हते, एवढं तोंड फुगायचं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की मूत्रपिंडाला मार बसलाय, आणि विचारलं होतं, मुलगी काय घेते, काय लावते. "मी सांगं, एक क्रीम लावस," आई म्हणाली. "ते म्हनतस, त्यामा काय शे ते इचारी या. काय शे ताई त्यामा?"

मी डबी हातात घेऊन फिरवली. चंद्रासारख्या तोंडाची बाई माझ्याकडे बघत होती.

"काही नाही हो, नुसती क्रीम आहे," मी म्हटलं.

आतलं दार उघडलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्या हातातली डबी काढून घेतली आणि स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघी मागे. त्यांनी खिडक्या उघडल्या, बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड काचेच्या भांड्यात घेतलं, त्यात थोडी क्रीम घातली, तांब्याच्या तारेचा तुकडा पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला, आत सोडला आणि भांडं गरम पाण्यात ठेवलं. आम्हाला लांब उभं केलं. अर्धा तास गेला. मग त्यांनी चिमट्यानं तार बाहेर काढून धुतली. तांब्याची तार चांदीसारखी दिसत होती.

"पारा," मॅडम म्हणाल्या.

हा प्रयोग बारावीला होता की नाही, मला आठवत नाही. असला तरी मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असणार.

त्याच दुपारी मॅडम त्या आईबरोबर नंदुरबारला गेल्या, डबी घेऊन. डॉक्टरांनीही ती तपासायला पाठवली. तेच निघालं. क्रीम बंद झाली, औषध सुरू झालं. मुलगी बरी झाली, पण तिला कित्येक महिने लागले. लग्न पुढे ढकलायची बोलणी करायला मुलाकडचे आले, तेव्हा मॅडमही त्या घरी होत्या. त्यांनीच मला सांगितलं. मुलाच्या काकांनी सगळं ऐकून घेतलं, मूत्रपिंड ऐकलं, पारा ऐकला, आणि एकच प्रश्न विचारला, "मंग आते रंग परत पहिलासारखा व्हई का?"

आई म्हणाली, "व्हई. आनि मन्ही पोर बी परत पहिलासारखी व्हई. तुम्ही दुसरी दखा."

मी वाट बघत होते, की मॅडम मला खोली खाली करायला सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणाकुणाला दिलीस?"

"आठवत नाही."

"आठव."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्कूटरवर. दाराशी पोचलो की त्या स्कूटरजवळ थांबायच्या. "बोलायचं तू." आणि मला बोलावं लागायचं, की बाई, ती डबी परत दे, त्यात पारा आहे, लावू नको, डॉक्टरला दाखव. आणि मी विकताना विचारलं नव्हतं, काय आहे ते. हे शेवटचं वाक्य मी गाळलं, तर मॅडम स्कूटरपाशी खाकरायच्या. एकीनं डबी माझ्या अंगावर फेकली. एकीच्या सासूनं मला शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. आणि एकीनं दारच लावून घेतलं. आतून म्हणाली, "पारा ते पारा. गोरी ते व्हयनू ना मी? दिवाळीपावत लावू दे." तिच्या दारात आम्ही तासभर उभ्या होतो. शेवटी मॅडमनी दाराच्या फटीतून आपल्या कपाळावरचे पपईचे डाग दाखवले. मग डबी बाहेर आली.

सगळ्या डब्या एका बरणीत घट्ट बंद करून डॉक्टरांकडे पोचवायच्या होत्या. एजंटचा फोन तोवर बंद झाला होता, तो कायमचाच. शेवटच्या दिवशी घरी आलो, मॅडमनी बरणी ओट्यावर ठेवली.

"झाल्या सगळ्या?"

"झाल्या."

मॅडम माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. भिंग गळ्यात होतं, त्याला हात लावला नाही.

माझ्या माहेरी फोटो काढताना मला कडेला उभं करायचे. सासरी आले तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी शेजारणीला सांगितलं, की पोर पार्लरचं शिकलेली आहे, होईल उजळ. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून मी सात दिवस बोलत होते, पण टॉवेलांच्या खालची माझी डबी काढून आणायला मला जे चालावं लागलं ना, ते दहा पावलांचं अंतर त्या सगळ्या रस्त्यापेक्षा लांब होतं.

मॅडमनी ती घेतली, बरणीत टाकली, झाकण लावलं. रागावल्या नव्हत्या, तरी अहिराणीत बोलल्या. "माले माहीत व्हतं. तू उजळनी त्याच दिनले दखं मी. पन पपई लायेल तोंडनं कोन आयकस?"

महिन्या-दीड महिन्यात माझा रंग परत आला. जसा गेला तसा, हळूहळू, कानांपासून. एका दुपारी एक नवी बाई आली, नवरीच्या मेकअपचं विचारायला. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही स्वतःला काही लावत नाही का? काळवंडल्यात."

मॅडम बाकावर होत्या. त्यांनी तोंड उघडलं, पण मी आधी बोलले, "काळवंडले नाही. हाच रंग आहे माझा."

बाई म्हणाली, बरं, येते मग. आणि समोरच्या पार्लरची पायरी चढली.

"गेली," मॅडम म्हणाल्या.

"गेली."

"पुढची बोलाव."

"पुढची नाही, मॅडम. कुणीच नाही."

मॅडम मग उठल्या आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या खुर्चीला हात लावला नव्हता. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "भुवया कर."

मी दोरा दातांत धरला. पहिल्याच ओढीला त्या अशा ओरडल्या, की समोरची पार्लरवाली आपलं नवं गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर आली. मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी एक भुवई पुरी केली आणि थांबले.

"हे बायका मुद्दाम करून घेतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दर महिन्याला?"

"काही काही पंधरा दिवसांनी."

"वेड्या आहेत," मॅडम म्हणाल्या, आणि दुसरी भुवई पुढे केली.